उंचावरून ओतलेला पाक

सासूबाई,

तिकडे सगळ्यांच्या तब्येती कशा आहेत, ते आधी कळवा. मामंजींचा दमा एव्हाना बसला असेल. तिथे गिरण्यांचा धूर नाही की ओल्या जमिनीवरचं झोपणं नाही. पण पहाटे थंड पाणी अंगावर घ्यायची त्यांची खोड सुटली का? धाकट्या वन्संच्या पायांची सूज उतरली का? जाताना बिचारीला जोडवीही घालता आली नव्हती. आणि तुमचे डोळे? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन गेलात. तिथे कोणी चांगला वैद्य भेटला असेल तर बरंच आहे, नाही तर हे पत्र कोणाकडून तरी वाचून घ्या. वाचणारा मात्र घरचा माणूस बघा, कारण यात दोन गोष्टी चारचौघांत वाचण्यासारख्या नाहीत. माझी थोरली तुमच्या आधीच तिकडे आली होती. तीन महिन्यांचं लेकरू ते. तुम्ही गेल्या गेल्या तिला मांडीवर घेतलं असेल, यात मला शंका नाही. तिला रोज तेल लावता ना? तिची टाळू भरायची राहिली होती.

इकडे सारं ठीक. तुमचे चिरंजीव गोदीतल्या नोकरीतून सुटले, आता ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांवर नोकरी करतात. दात सगळे गेले, पण जिभेची धार तशीच. सून गुणाची आहे. मला कामाला हात लावू देत नाही, म्हणजे मला म्हातारी म्हणते, पण गोड बोलून म्हणते. माझे गुडघे जिना चढताना तुमची आठवण काढतात. तुम्ही कण्हायचात तेव्हा मला वाटायचं, सासूबाई जरा वाढवूनच कण्हतात. आता कळलं, कमीच कण्हत होतात. आणि मी लिहायला कधी शिकले म्हणाल, तर तुम्ही गेल्यावर चार वर्षांनी, साखरेच्या पुड्यांच्या कागदांवरून. पुडा रिकामा झाला की कागद सरळ करायचा, एकेका अक्षरावर बोट ठेवायचं आणि तुमच्या लेकाला विचारायचं, हे काय? ते आधी हसले, मग वैतागले, मग सांगू लागले. म्हणून माझं अक्षर जरा छापखान्यासारखं आहे.

आता पत्राचं कारण. सासूबाई, परवा आपल्या समोरच्या घरी लेकीचं लग्न झालं, आणि त्या लग्नातला केक मी उभा केला. तुमच्या सुनेने! जिला तुम्ही अकरा वर्षं पाकाच्या कढईपासून चार हात लांब बसवलीत, तिने. बसा जरा, पाणी प्या, मग पुढचं ऐका.

समोरचं घर तुमच्या ओळखीचंच. आपली विहीर मधे, पलीकडे ती ख्रिस्ती मंडळी. माणसं आपल्यासारखीच, बोलणं आपलंच, जेवणही थोडंफार आपलंच, पण त्यांचं देऊळ वेगळं, म्हणून आपण त्यांच्या चुलीकडे जात नसू आणि ती आपल्या. तुमच्या वेळी जी परकरी पोर विहिरीवर घागर आपटायची, तीच आता त्या घरची मोठी बाई. मी तिला बाय म्हणते, ती मला वैनी. तिच्या एकुलत्या लेकीचं लग्न माझगावच्या घरात ठरलं. त्यांच्यात लग्नाला केक लागतोच. आपल्यात बोहल्याशिवाय लग्न नाही तसं. बोलाचाली झाल्या तेव्हा मुलाची आई, म्हणजे विहीणबाई, नाकातली चमकी हलवत म्हणाली होती, "केक आम्ही कोटातून, फोर्टातल्या इंग्रजी दुकानातून आणवू. तुम्हाला कशाला घोर? घरी काय, वडे जमतात." वडे! बायने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "केक माझ्या घरचाच होईल. माझ्या आयने माझ्या लग्नाला केला, मी माझ्या लेकीच्या लग्नाला करीन." बोलून बसली. सगळी वाडी साक्षीला.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मी विहिरीवर पाणी शेंदायला गेले तर बाय त्यांच्या मागच्या अंगणात भांड्यापुढे बसलेली, आणि डोळ्यांना पदर. केक झाला होता, एकावर एक दोन थर, पाववाल्याच्या भट्टीत भाजून आणलेले, मनुका-बदाम घातलेले, वास असा की तुमचे चिरंजीव ओट्यावरून तीनदा उठून विहिरीपर्यंत येऊन गेले. अडलं होतं ते वरच्या साखरेपाशी. त्या केकवर पांढराशुभ्र साखरेचा लेप द्यायचा असतो. अंड्याचा पांढरा बलक फेटायचा, त्यात साखरेचं पीठ घालायचं, लिंबू पिळायचं, की तो घट्ट होतो आणि वाळला की चुन्याच्या भिंतीसारखा कडक बसतो. पण हा वैशाख. समुद्राचा दमट वारा. वाटलेली पांढरी मोरस साखर आधीच ओलसर. लेप केकवर घातला की भिंतीवरून पातळ चुना ओघळावा तसा खाली यायचा, आणि केक उघडाच्या उघडा.

"घट्टच होत नाय गो वैनी," बाय म्हणाली. "सकाळपासून हात मोडले."

"काय काय घातलंस त्यात?"

मग तिने जे सांगितलं ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना. लेप पातळ झाला म्हणून तिने आणखी साखर घातली. आणखी पातळ झाला. तिच्या नणंदेने सांगितलं, तांदळाचं पीठ घाल. घातलं. मावशीने सांगितलं, आरारूट घाल. तेही घातलं. घरातली प्रत्येक बाई येऊन मूठभर काहीतरी घालून गेली होती. भांड्यात जे होतं तो लेप नव्हता, खळ होती. त्याने पतंग चिकटवता आले असते.

आणि सासूबाई, तिथे विहिरीच्या काठावर, हातात घागर घेऊन उभी असताना, मला तुमचा आवाज ऐकू आला. ती माझी सासरची दुसरी संक्रांत. तुम्ही हलव्याचा पाक करत होतात, मला वाटलं पातळ आहे, आणि शहाणपणा करून मी तांदळाच्या पिठाचं भांडं पुढे सरकवलं. तुम्ही वर बघितलंसुद्धा नाही. म्हणालात, "पीठ घालून जे घट्ट होतं त्याला पिठलं म्हणतात. साखरेला घट्ट करायचं तर घालायचं काही नाही, काढायचं. पाणी काढ." आणि वर, "हिचा हात रसाचा आहे, हिला आमटीला बसवा." वन्सं खुदकन हसल्या. मी परातीआड तोंड लपवलं. तेव्हापासून मी निखारे फुंकायचे, तीळ निवडायचे, साच्यांना दोरे लावायचे, आणि पाक तुमचा. संक्रांतीला हलवा, पाडव्याला गाठ्या, मधे बत्तासे. सगळं गिरगाव तुमच्या हलव्याचा काटा बघून जायचं, आणि मी राख सारायची.

"बाय, ते सगळं फेकून दे," मी म्हटलं. "याला पाक लागेल."

"पाक?"

"साखर कच्ची घालतेस म्हणून पाणी सोडते. मी पाक करून आणते. तू नवीन अंडी फेट."

बोलले खरी. मी बायसारखीच वाडीभर साक्षीदार ठेवून बोलले होते. अंड्यात पाक घालतात हे मी कधी कुठे पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की पाक घट्ट होतो, आणि तो कोणाच्या ओलसर वाऱ्याला भीत नाही. आपल्या गाठ्या भर समुद्रकाठी टांगल्या तरी पाघळायच्या नाहीत ना, तो विश्वास.

घरी येऊन मी कढई काढली. तुमचीच. शेगडी विहिरीकडच्या पडवीत ठेवली, त्यांच्या चुलीशी संबंध नको म्हणून. साखर, पाणी, मळी काढायला चमचाभर दूध, लिंबाचे चार थेंब, म्हणजे पाक दाणेदार होऊन बसत नाही. सगळं तुमचं पाहून पाहून. तुम्ही मला कढईपासून लांब बसवलंत, पण कान कुठे बांधले होते? तुमचे डोळे जाऊ लागले तेव्हा तुम्ही पाक कानांनी ओळखायचात, आठवतं? आधी तो बडबडतो, पोरांसारखा. मग बुडबुडे मोठे होतात, बायकांसारखा दमाने बोलतो. मग एकदम आवाज जड होतो, म्हाताऱ्यासारखा, एक एक बुडबुडा सावकाश फुटतो. तो आवाज आला की पाण्याच्या वाटीत थेंब टाकायचा आणि बोटांनी बघायचं, मऊ गोळी झाली का. मी कान लावून बसले. सून म्हणाली, "आत्याबाई, झोप लागली का?" मी म्हटलं, "गप. पाक बोलतोय."

गोळी झाली. कढई उचलली आणि पलीकडे गेले. बायने सहा अंड्यांचा बलक फेटून फेस केला होता. मी वाकले, कढई तिच्या भांड्याच्या काठाला टेकवायला गेले, मग तिच्या भांड्याला लागेल म्हणून हात मागे घेतला, आणि त्या घेण्यादेण्यात सगळा पाक भसकन एकदम पडला. सासूबाई, बलक शिजला. भांड्यात पांढऱ्या गुठळ्या आणि खाली साखरेचा खडा. सहा अंडी आणि शेरभर साखर पाण्यात. बाय चिमटीने गुठळ्या वेचायला लागली. तिची नणंद म्हणाली, "कोटातला बरा होता."

आणि मला वाटलं, खरंच माझा हात रसाचाच आहे. छप्पन्न वर्षांची झाले, मला सून आहे, नातवंडं आहेत, आणि मी तिथे अकरा वर्षांची परकरी पोर होऊन उभी. निघून जावंसं वाटलं. निघून गेले असते तर बायच्या लेकीच्या मांडवात दुसऱ्या दिवशी केक उघडा बसला असता आणि विहीणबाई म्हणाली असती, मी म्हटलंच होतं. आणि मीही जन्मभर तेच म्हटलं असतं, सासूबाईंनी म्हटलंच होतं.

मी विचारलं, "अंडी किती उरली?"

"पाच."

"फेट."

दुसरा पाक चढवला. या खेपेला ओट्यावरून तुमचे चिरंजीव विहिरीपर्यंत आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं मला म्हणाले, "अगं, भांड्याला भांडं लावू नकोस. आईची कढई आहे ती. आई वरून बघत असेल." त्यांना काय, अंड्याचा विटाळ तुमच्या कढईला होईल याची धास्ती. अंड्याच्या केकचा वास घ्यायला तीनदा येताना विटाळ नव्हता. पण मीही जुन्या वळणाची, भांड्याला भांडं लावायला हात धजत नव्हताच. मग मी काय केलं, विहिरीच्या वरच्या पायरीवर चढले. बायला म्हटलं, तुझं भांडं खाली जमिनीवर ठेव, मांडीत धर, फेटत राहा, थांबू नकोस. आणि मी वरून, कंबरेएवढ्या उंचीवरून, पळीने पाक सोडायला लागले. उंच धरला म्हणून आपोआप बारीक धार झाली. इतक्या लांबून जाड धार सोडली असती तर बायचे हात भाजले असते, म्हणून धार सुतासारखी धरली. ते सूत हवेतून खाली येईपर्यंत जरासं निवायचं, आणि बलकात पडलं की शिजवायचं नाही, मुरायचं. ही उंची अंडं वाचवायला नव्हती हो, विटाळ वाचवायला होती. पण वाचलं अंडं!

"घट्ट होतंय," बाय म्हणाली.

"थांबू नकोस."

"वैनी, हात जड झाला गो! हलत नाय!"

"म्हणजे होतंय. फेट. निवेपर्यंत फेट."

तिच्या भांड्यात फेस फुगून वर आला, मग चकाकायला लागला, मोत्यासारखा, मग त्याला टोकं यायला लागली. फेटायची काड्यांची जुडी उचलली की मागे एक टोक उभं राहायचं आणि वाकायचंही नाही. सासूबाई, काटा! तुमच्या हलव्याला यायचा तसा काटा, पण हाताएवढा. मी पायरीवर उभी राहून ओरडले, "बाय, भांडं उलटं कर!"

"काय?"

"उलटं कर. डोक्यावर धर."

तिने माझ्याकडे बघितलं, देवाचं नाव घेतलं, आणि भरलं भांडं उचलून स्वतःच्या डोक्यावर उलटं धरलं. सगळ्या बायका किंचाळल्या. नणंद मागे सरली. एक थेंब पडला नाही. बाय तशीच उभी, डोक्यावर भांडं, आणि हसते आहे, आणि डोळ्यांतून पाणी. मी कढई हातात घेऊन पायरीवर, हसते आहे. नणंद म्हणाली, "येशू बाळा, हे काय केलं हिने!" ते मला लागलं नाही, सुखावलं.

मग पुढचं काम झटपट. गरम पाण्यात सुरी बुडवून बायने लेप दिला, आणि तो जिथे ठेवला तिथे राहिला. माझ्याकडे संक्रांतीच्या हलव्याची बरणी उरली होती, तो काटेरी हलवा मी दिला आणि तिने तो दोन्ही थरांच्या कडेने मण्यांसारखा बसवला. मुंग्या नकोत म्हणून टेबलाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. सगळी बाई-माणसं वाजतगाजत विहिरीवर पाणी भरायला आली, त्यांच्यात लग्नाआधी तो विधी असतो, आणि प्रत्येक जण आत डोकावून केक बघून गेला. सकाळपर्यंत वरची साखर वाळून पातळ पापुद्रा धरला होता. बाय अंगणातून ओरडली, "वैनी, टकटक वाजतो गो!"

लग्न झालं. मांडवात केक मधोमध ठेवला. आम्ही तिकडे जेवत नाही, म्हणून आम्हाला ओट्यावर नारळ-केळी आली आणि आम्ही बसून बघत राहिलो. वैशाखाचं ऊन, माणसांची दाटी, दिवे, आणि केक ढळत नाही. माझगावकर विहीणबाई त्याच्याभोवती दोनदा फिरली. आधी तिने नखाने टोकरून पाहिलं, कोणी बघत नाहीसं वाटून. मग सुरीच्या मुठीने ठोकून पाहिलं. मग बायला विचारलं, हा कोटातला का? आणि बायने, काय सांगू सासूबाई, बायने असं काही मान वर करून सांगितलं, "घरचा," की मला वाटलं, माझ्याच लेकीचं लग्न आहे.

तुमचे चिरंजीव तेव्हापासून सगळ्या वाडीला सांगत सुटले आहेत, "मी म्हटलं म्हणून उंचावरून ओतलं. माझी युक्ती." दोन दिवसांत त्यांनी ती युक्ती पाववाल्याला, दूधवाल्याला आणि एका अनोळखी माणसाला सांगितली, जो नुसता पत्ता विचारायला आला होता. त्यांना बोलू देते. लग्नाच्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या मिशीला पांढरं लागलं होतं. मी विचारलं, हे काय, तर म्हणाले दात घासायची राख. ज्यांना दात नाहीत त्यांची राख! मी काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका, मामंजींना तर अजिबात सांगू नका.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तो दिवस माझाच, यात शंका नाही. पंचेचाळीस वर्षांनी मी तुमच्या कढईत तुमच्याशिवाय पाक केला आणि तो उभा राहिला. त्या रात्री मी अंथरुणावर पडले आणि हात वर धरून बघितले. सुरकुतलेले, डावा अंगठा भाजलेला. म्हटलं, बघा, हे हात. मला वाटतं तुम्ही बघितलेत. नंतर मला बऱ्याच गोष्टी सुचल्या. तुम्ही शेवटच्या वर्षी पाडव्याला ती छोटी पितळी पळी माझ्यापुढे ठेवलीत आणि म्हणालात, "घास, काळी पडली आहे." मी ती तेहतीस वर्षं घासते आहे. दर पाडव्याला चिंचेने घासते आणि फडताळात ठेवते. दुसरा पाक मी तिनेच ओतला, आणि ओतताना मला पहिल्यांदा सुचलं की ती घासायला दिली नसावी. पाकाची पळी कोणी आमटीवालीला घासायला देत नाही. पण सासूबाई, सरळ सांगता आलं नसतं का? एक वाक्य. "घे, तुझी." तेवढ्याने तुमचा मोठेपणा काय कमी झाला असता?

विहीणबाई लग्नाच्या दुसऱ्या दिवशी स्वतः आपल्या ओट्याशी आली. तिला माझ्याशी बोलायचं होतं. "ही साखर तुम्ही केलीत?" म्हणाली. मी म्हटलं, हो. "पुढल्या साली माझ्या धाकट्याचं लग्न आहे. मला शिकवाल?" माझगावहून गिरगावात शिकायला यायची तयारी! मी म्हटलं, या. मग तिने विचारलं, "तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

हे तिथेच बसले होते. त्यांचं तोंड उघडत होतं, "मी शिकवलं" म्हणायला. बाय दारात उभी होती. आणि मी म्हटलं, "कोणी नाही. माझं मीच शिकले."

पाक कानांनी ऐकायला, लिंबाचे चार थेंब घालायला, पीठ न घालता पाणी काढायला, सगळं माझं मीच. म्हटलं, आणि सासूबाई, ते म्हणताना तोंडात बत्तासा विरघळावा तसं गोड लागलं. अजून लागतं. लाज वाटते पण गोडी जात नाही. अकरा वर्षं निखारे फुंकले त्याचा सूड म्हणा, किंवा तेहतीस वर्षं पळी घासली त्याचा. तुम्ही मला तोंडाने कधी काही दिलं नाहीत, म्हणून मीही तुमचं नाव तोंडाने दिलं नाही. हे कबूल करते. हे कागदावरच कबूल करते आहे, आणि कागद टपालात टाकायची नाही. टाकला तरी टपालवाला कुठे नेणार?

विहीणबाई गुरुवारी शिकायला येणार आहे. शेगडी पेटली की ती पुन्हा विचारणारच, हा आवाज ओळखायला कोणाकडून शिकलात. तेव्हा त्याआधी मला उत्तर पाठवा. मोठं नको, वन्संना सांगून चार अक्षरं लिहून घ्या, हिचा हात पाकाचाच होता. तेवढं आलं तर मी तिला तुमचं नाव सांगेन, मोठ्याने, यांच्यासमोर. आणि नाहीच आलं तर, मी मोठ्या मनाची बाई नव्हे, हे तुम्हाला माहीतच आहे, पण बहुतेक सांगेनच. तरी लवकर लिहा. आज सोमवार आहे.

तुमची सून